पिवळ्या कड्यांचा आठवडा

डेल्फिया स्टॅम्परने उभ्या आयुष्यात एकही पत्र जपले नाही की रोजनिशी लिहिली नाही. मात्र बियाण्यांच्या दुकानातून दर नाताळात मिळणारे भिंतीवरचे कॅलेंडर तिने कधी टाकले नाही. १९३४ ते १९६८, मधले १९४३ सोडून, अशी चौतीस कॅलेंडरे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने दोन-तीन शब्द. ‘पेरा.’ ‘दव.’ ‘कोंबडी बसवली.’ नवरा गेला त्या दिवशीच्या चौकोनात फक्त ‘यूएल’ हे त्याचे नाव आहे, पुढे काही नाही.

१९५१ च्या मे महिन्याच्या पानामागे पिठाच्या खळीने एक तंबाखूचे पान चिकटवलेले आहे. ते आता कागदाहून पातळ झाले आहे. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका आणि त्याभोवती नाण्याएवढे फिकट कडे. पिवळा रंग केव्हाच उडाला, कडे मात्र अजून ओळखता येते.

पुढची हकिकत या कॅलेंडरावर आणि आयसी पर्सेल यांच्याशी झालेल्या दोन दीर्घ संभाषणांवर आधारलेली आहे. आयसीबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, आता सत्त्याऐंशीच्या आहेत. जिथे त्यांची आठवण आणि पेन्सिल यांचे जुळत नाही, तिथे मी पेन्सिलीची बाजू घेतली आहे. जिथे दोन्हींकडे काही नाही, तिथे तसे सांगितले आहे.

केंटकीतल्या आमच्या टिंकर फोर्कच्या खोऱ्यात तेव्हा प्रत्येक घरी थोडी का होईना तंबाखू होती, परंतु रोपे वाढवायचा गादीवाफा सर्वांनाच साधत नसे. तंबाखूचे बी मोहरीहून कितीतरी बारीक. वाफ्याच्या जागेवर लाकडे जाळून तण मारायचे, राखेत कालवून बी फेकायचे, वर पातळ सुती कापड ताणायचे आणि मेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे. डेल्फियाचा वाफा कधी फसला नव्हता. ती बावन्न वर्षांची, उंच, थोडी वाकलेली विधवा. खोऱ्यातली पाच घरे तिच्याकडून रोपे नेत, आणि त्या वर्षी सहावे जोडले गेले होते. मोबदला कोणी विचारत नसे, आणि आभार तर कोणीच मानत नसे. दिलेल्या रोपाचे आभार मानले की ते मूळ धरत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

त्या वर्षी तिच्या जुन्या कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या. मार्चमध्ये तिने दिराचे, होबार्टचे, कापड मागून आणले. ते कापड हिवाळाभर त्याच्या कोठारात, आदल्या वर्षीच्या तंबाखूच्या देठांवर पडून होते. पुढे काय झाले त्याचे मूळ तिथेच असावे असे आयसीबाई खात्रीने सांगतात. शक्यता दाट आहे, पुरावा नाही. दर वसंतात वाफ्यावर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडावे असे सरकारी पत्रक सांगत असे. त्या वर्षी तिने ते शिंपडले नव्हते, कारण सतरा वर्षांत कधी गरज पडली नव्हती. ते पत्रक तिने अंड्यांच्या टोपलीच्या तळाशी घातले होते.

सोमवारी, १४ मे रोजी, कापड उचलल्यावर तिला वाफ्याच्या मधल्या भागात फिकट ठिगळे दिसली. चौकोनात शब्द आहे: ‘भुकेली.’

हा निष्कर्ष कोणीही काढला असता. पान पिवळे पडले म्हणजे त्याला नत्र कमी पडले, हे आमच्याकडचे शहाणपण आहे आणि दहांपैकी नऊ वेळा ते खरे ठरते. असल्या भुकेवर उपायही ठरलेला होता: नायट्रेटचे मीठ, म्हणजे नत्राचे खत, झारीभर पाण्यात विरघळवून शिंपायचे. डेल्फियाने ते केले. मात्र तिने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळेच मी या बाईची हकिकत शोधू लागलो. मीठ पुरेसे नव्हते, म्हणून तिने वाफ्याच्या मधोमध आडवी दोरी ताणली. दोरीच्या अलीकडे, घराच्या बाजूला, मीठ घातले; पलीकडे नुसते पाणी.

गुरुवारची नोंद त्या कॅलेंडरातली सर्वांत लांब नोंद आहे. ‘अलीकडचं जास्त वाईट. कडी. मध्ये ठिपका.’

जेवू घातलेली रोपे न घातलेल्यांपेक्षा अधिक पिवळी झाली होती.

तिने हे पूर्वी एकदा पाहिले होते, वडिलांच्या शेतात, लहानपणी. त्या रोगाला आमच्याकडे वणवा म्हणतात. आग न लागता रान जळते म्हणून. वडिलांनी त्या वर्षी सगळे पीक नांगरून गाडले होते, आणि त्यानंतर आठवडाभर ते कोणाशी बोलले नव्हते. आयसीबाई सांगतात की डेल्फिया त्या गुरुवारी वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली ती दुपार टळेपर्यंत उठलीच नाही. पानाला लागलेले हात कशाला लावावेत हे तिला कळेना. तिने ते एप्रनलाही पुसले नाहीत. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती घरात गेली आणि कोपराने दार ढकलले.

पानात नेमके काय चालले होते, हे त्या दिवशी जगात कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. पुढच्या काही दशकांत प्रयोगशाळांनी ते उकलले. रोप मुळांतून नत्र घेते आणि पानात त्याचा अमोनिया होतो. अमोनिया हे कच्चे, दाहक द्रव्य आहे. ते साठून चालत नाही. म्हणून पानात एक विकर असतो. विकर म्हणजे पेशीतला कारागीर. त्याला एकच काम येते आणि तो ते अहोरात्र करतो. हा कारागीर ग्लुटामेट नावाच्या आम्लाचा कण एका हातात घेतो, अमोनिया दुसऱ्या हातात, आणि दोन्ही सांधून ग्लुटामिन बनवतो. तेच रोपाचे शिजलेले अन्न. ठिपक्यात राहणारे जिवाणू एक द्रव्य सोडतात. त्याची घडण त्या आम्लासारखीच असते, इतकी की कारागीर ते विश्वासाने हातात घेतो. पण ते हातातून सुटत नाही. कारागीर जागच्या जागी अडकतो, अमोनिया येतच राहतो, साठतो, आणि पान हिरवेपणा सोडते. कारागिराचे हात असे बांधणाऱ्या द्रव्याला अवरोधक म्हणतात. अशा पानाला आणखी नत्र देणे म्हणजे चूल विझलेल्या घरात धान्याची पोती ओतणे.

यातल्या दोन गोष्टी मला आजही अस्वस्थ करतात. पहिली अशी की पिवळ्या कड्यात जिवाणू नसतातच. ते मधल्या ठिपक्यात असतात, त्यांचे विष पुढे चालत गेलेले असते. दुसरी अशी की जिवाणूलाही जगायला नत्र लागते आणि त्याच्या पोटातही तोच कारागीर आहे. आपल्याच विषाने तो मरायला हवा. मरत नाही. विष तो गाठोड्यात बांधूनच घडवतो, ते गाठोडे बाहेर पडल्यावर सुटते. शिवाय त्याने आपल्या कारागिराला त्या विषापासून जपण्याची तजवीज केलेली असते. शेजाऱ्याच्या घराला आग लावणाऱ्याने आपले छप्पर आधी भिजवून ठेवावे तशी.

डेल्फियाला यातले काही माहीत नव्हते. खाऊ घातले की रोपे मरतात, एवढेच तिने दोरी लावून शोधले होते. आयसीबाई म्हणतात की तिला पानांना कोंबड्यांच्या खुराड्यासारखा उग्र वास आला होता. मला हे पटत नाही. पानात साठणारा अमोनिया नाकाला कळण्याइतका नसतो. नंतर ऐकलेल्या माहितीने आठवणीला वास चिकटला असावा.

शुक्रवारचा चौकोन रिकामा आहे.

शनिवारी सकाळी लव्हेल पर्सेल आणि त्याची नवी बायको आयसी खेचराची गाडी घेऊन आले. ते त्यांचे पहिले पीक होते. लव्हेल तेवीस वर्षांचा, आयसी नदीपलीकडच्या शहरातली, गिरणीत वाढलेली. मदतीला होबार्ट आला होता, गालात तंबाखूचा तोबरा धरून.

“काय वहिनी, तोंड का असं उतरलंय? रोपं द्यायला जिवावर आलंय होय?”

“तुम्ही आधी तो तोबरा थुंका, भाऊजी. माझ्या वाफ्यात नको.”

“घ्या! तंबाखूच्या वाफ्यात तंबाखूची बंदी!”

तिने त्यांना दोरीच्या पलीकडच्या, अगदी टोकाच्या भागाकडे नेले. तिथे एकही कडे दिसत नव्हते. ते निरोगीच आहे, असे तिने स्वतःला बजावले असणार. गुरुवारी आपण काय पाहिले ते तिने सांगितले नाही. रोपे ओल्या पोत्यात बांधून झाली तेव्हा आयसीने तिचे दोन्ही हात धरले.

“मावशी, एवढी रोपं! खरंच, तुमचे खूप आभा—”

डेल्फियाने चिखलाचा तळवा तिच्या तोंडावर दाबला.

“गप! रोपाचे आभार मानतात का कोणी? शहरात काय शिकवतात गं तुम्हाला?”

होबार्टला हसू आवरेना. “लव्हेल, गेलं तुझं शेत. बायकोनं अर्धे आभार मानले. आता अर्धी रोपं मरणार बघ!”

“अहो होबार्टकाका, असं अभद्र नका बोलू,” लव्हेल म्हणाला. पण तोही हसत होता. ओठांवरचा चिखल पुसत आयसीही हसली.

‘लव्हेल. ३५००.’ एवढीच नोंद.

रविवारी चर्चच्या आवारात जेवण होते. आठ दिवस पाऊस नव्हता. आसपासच्या शेतांतली नवी लावण माना टाकत होती, म्हणून पाद्र्यांनी पावसासाठी प्रार्थना सांगितली आणि सगळे खोरे डोळे मिटून पाऊस मागू लागले. डेल्फियाने डोळे उघडेच ठेवले होते, हे आयसीने पाहिले, कारण तिचेही उघडे होते. वणवा पावसाबरोबर पसरतो. वाऱ्याने झोडपलेली ओली पाने एकमेकांवर आपटली की पाण्याच्या थेंबातून जिवाणू रोपावरून रोपावर जातात. चाळीस माणसे जे मागत होती, तेच न येण्यासाठी ती एकटी देवाला विनवत होती, आणि देवाच्या घरात उभी राहून असे मागितल्याची वेगळी धास्ती तिच्या मनात होती. हे तिने पुढे स्वतः आयसीला सांगितले.

जेवणाच्या फळीवर कोंबडीचा रस्सा, मक्याचा पाव, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक होता. तिच्या वाफ्याचे कौतुक करणाऱ्यांची रीघ लागली होती. “मंगळवारी आम्ही पाचही घरं येतो हं, डेल्फी. ठेव काढून.” तिने प्रत्येकाला मान डोलावली. तिच्या ताटातले काहीही हलले नाही.

सोमवारी सकाळी पश्चिमेकडे ढग चढले. चौकोनात वेळ आहे: ‘नऊ वाजता काळं.’ वेळ तिने एरवी कधीही लिहिली नव्हती.

ओढ्याच्या कडेने पर्सेलांचे शेत पाऊण मैलावर. ती चालत निघाली. काय सांगायचे ते तिने वाटेत जुळवले असेल. पण फाटक उघडले तेव्हा शेताच्या कडेला बसून आयसी रडत होती. समोर लव्हेल उभा होता, त्याच्या हातात एक उपटलेले रोप. पानावर पिवळे कडे होते.

“मीच मारली, मावशी,” आयसी म्हणाली. “मीच. मी अर्धं बोलले ना. होबार्टकाका चेष्टेत म्हणाले, पण बघा, तेच झालं. कालपासून दिसतायत मला. भीतीनं मी यांना सांगितलंच नाही. आज म्हटलं, आता लपत नाही.”

“अगं, असं कुठं असतं होय!” लव्हेल म्हणाला, पण त्याचा आवाज पक्का नव्हता. तो याच खोऱ्यात वाढलेला. त्याने डेल्फियाकडे पाहिले, मोठे माणूस काय म्हणते ते ऐकायला. “मावशी, खरंच असतं का हो असं?”

तिने नुसते ‘असतं’ म्हणायचा अवकाश होता. सगळ्या खोऱ्याने ते मानले असते. शनिवारी होबार्ट साक्षीला होता. त्याची चेष्टा आठवडाभरात शाप होऊन घरोघर पोचली असती. डेल्फियाच्या वाफ्याचे नाव शाबूत राहिले असते आणि शहरातून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी आयुष्यभर ‘आभारवाली’ म्हणून ओळखली गेली असती. डेल्फिया किती वेळ गप्प होती? आयसीबाई पहिल्या खेपेला म्हणाल्या, “एक श्वास.” दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, “फार वेळ. मला वाटलं, त्या होच म्हणणार.” दोन्ही नोंदी मी ठेवल्या आहेत.

“तुझ्या तोंडानं काही झालेलं नाही, पोरी,” डेल्फिया म्हणाली. “हा वणवा आहे. माझ्या वाफ्यातला. मी गुरुवारीच बघितला होता.”

लव्हेलने रोप खाली टाकले. “गुरुवारी?”

“हो.”

“आणि शनिवारी तुम्ही आम्हाला—”

“दिली. ते टोक चांगलं दिसत होतं. मला ते चांगलं असायला हवं होतं, म्हणून दिसत होतं.” ती एका दमात बोलत गेली. “आता ऐक. मला काय बोलायचं ते नंतर बोल. पाऊस यायच्या आत ही सगळी नांगरून गाड. एकही ठेवू नकोस, हिरवी दिसली तरी. आणि इथं या वर्षी परत लावू नकोस, टेकाडावरच्या तुकड्यात लाव. नदीकाठी अजून रोपं मिळतायत. महिना संपायच्या आत लावलीस तर पीक येईल. पाऊस पडला तर तुझं तर जाईलच, पण पाण्याबरोबर खालच्या रानांतही उतरेल.”

“साडेतीन हजार, मावशी. अख्खा शनिवार पाठ मोडून लावलीत आम्ही.”

“माहीत आहे मला.”

“तुम्हाला काय माहीत!” तो ओरडला. मोठ्या माणसावर आवाज चढवण्याची त्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण ओरडून झाल्यावर त्याने टोपी काढली आणि परत घातली. मग तो खेचर जुंपायला गेला.

तो नांगरत होता तेवढा वेळ ढग डोक्यावर उभा होता. नांगराच्या मागे दोघी बायका वाकून चालत होत्या, वर राहिलेली पाने पायाने मातीत दाबत. प्रत्येक झुळुकीला डेल्फिया मान वर करून पश्चिमेकडे पाही. शेवटच्या दोन ओळी राहिल्या असतानाच थेंब आले. लव्हेलने खेचराला शिव्या घातल्या, पण थांबला नाही. पाऊस खरा सुरू झाला तेव्हा शेतात हिरवे काही उरले नव्हते.

तिघे गोठ्याच्या वळचणीला उभे राहिले. आयसी हळूच म्हणाली, “मावशी, आता म्हटलं तर चालेल का? आता तर मारायला काही उरलं नाही.”

“म्हण.”

ती म्हणाली का? मी दोन्ही खेपांना विचारले. “आठवत नाही हो,” आयसीबाई म्हणाल्या. “बहुतेक रडूच आलं.”

भर पावसात डेल्फिया उरलेल्या पाचही घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती घरे रोपे न्यायला आली असती. तिथे तिला काय ऐकावे लागले त्याची कुठेही नोंद नाही. त्या दिवसाच्या चौकोनात ‘नऊ वाजता काळं’च्या खाली एकच शब्द आहे: ‘सांगितलं.’

मंगळवारी पाऊस उघडल्यावर तिने वाफ्यावर सरपण रचले, रॉकेल ओतले, आणि कापडही वर टाकले.

“वहिनी, ते कापड माझं आहे!” होबार्ट म्हणाला.

“होतं,” ती म्हणाली, आणि काडी ओढली.

पर्सेलांनी नदीकाठची रोपे महिनाअखेरीस टेकाडावर लावली. उशिराचे, पण पीक आले. खोऱ्यात आणखी कुठे वणवा दिसला का? वर्तमानपत्रात काही नाही. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, हे मला मान्य आहे.

१९५२ च्या कॅलेंडरात मार्चपासून नवीन नोंदी सुरू होतात. ‘नवं कापड.’ ‘मोरचूद-चुना.’ आणि मग एप्रिलच्या मध्यापासून रोज, एकही दिवस न चुकता: ‘बघितलं. नाही.’ ‘बघितलं. नाही.’ रोपे उपटून संपेपर्यंत. १९५३ मध्ये तसेच. १९६८ पर्यंत, म्हणजे तिच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत, तसेच. रोगाला दाद न देणारे बियाणे मधल्या काळात दुकानात आले होते आणि ती तेच पेरत होती, तरीही. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली आहे की कागद फाटला आहे.

१९५१ मध्ये रोपे मागणारी सहा घरे होती. १९५२ च्या मेमध्ये चारच नावे दिसतात. दोघांनी रोपे दुसरीकडून घेतली असावीत. कारण नोंदलेले नाही, पण ते ओळखणे अवघड नाही. पहिले नाव १२ तारखेला आहे.

‘आयसी. ३५००. काही बोलली नाही.’